विद्यापीठ गांवाच्या दारीं

तहानलेल्यानें विहिरीकडे जावें, विहीर कांहीं तहानलेल्याकडे येत नाहीं, असा आपल्याकडील जुना समज आहे. विद्येच्या बाबतींत तर तो फारच दृढ आहे. गुरुगृहीं जाऊन राहणें, काशीस अगर पैठणास जाऊन शास्त्र पढणें, आणि अलीकडच्या काळांत मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत नांव घालणें, हा विद्येचा राजमार्ग. ज्यास तेथवर जाण्याचें सामर्थ्य नाहीं त्यानें विद्येवांचून राहावें, हें मग ओघानेंच आलें. परंतु गेल्या दीडशें वर्षांत कांहीं विद्वानांनीं ही रीत उलट फिरवून पाहिली. लोक विद्यापीठांत येऊं शकत नाहींत, तर विद्यापीठानेंच लोकांकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें. या उद्योगास 'विद्यापीठ-विस्तार' असें म्हणतात. त्यांतही सृष्टिविज्ञानाचें शिक्षण सामान्य जनांच्या दारीं कसें पोंचलें, याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे.

एक गोष्ट आरंभींच स्पष्ट केली पाहिजे. विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत कोणी विद्वान यंत्रें घेऊन येतो, ठिणग्या उडवून दाखवितो, पाण्याचा रंग पालटून दाखवितो. लोक तोंडांत बोटें घालतात, टाळ्या वाजवितात आणि घरीं जातात. दुसऱ्या दिवशीं पेटी बांधून विद्वान निघून जातो, आणि मागें राहतें तें केवळ आश्चर्य. गारुड्याचा खेळ संपल्यावरही तेंच मागें राहतें. दुसऱ्या प्रकारांत विद्वान गेल्यावरही गांवांत कांहीं उरतें: नीट पाहण्याची, मोजण्याची, ताडून बघण्याची आणि न समजल्यास विचारण्याची सवय. आमच्या मतें हा दुसरा प्रकारच खरें विस्तारकार्य होय. तें साधलें कीं नाहीं हें ओळखण्याची खूणही सोपी आहे. ऐकणारे उलट प्रश्न विचारूं लागले म्हणजे तें साधलें असें समजावें.

या कार्याचा आरंभ इंग्लंडांत झाला. इ. स. १८६७ सालीं केंब्रिज विद्यापीठांतील जेम्स स्टुअर्ट नांवाच्या चोवीस वर्षांच्या तरुण विद्वानास उत्तर इंग्लंडांतील स्त्रियांच्या मंडळांकडून बोलावणें आलें. त्या काळीं त्या देशांतही विद्यापीठांच्या पदव्या स्त्रियांस मिळत नसत. शिक्षण कसें द्यावें या विषयावर बोलावें अशी मंडळांची इच्छा होती. परंतु शिकवावें कसें हें सांगण्यापेक्षां प्रत्यक्ष कांहीं शिकवूनच दाखवावें, अशा विचारानें स्टुअर्ट यांनीं खगोलशास्त्र हा विषय घेतला, आणि लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर व लिव्हरपूल या शहरीं व्याख्यानें दिलीं. येथें एक मौजेची अडचण उभी राहिली. तरुण पुरुषानें तरुण स्त्रियांस समक्ष प्रश्न विचारावे आणि त्यांनीं उत्तरें द्यावीं, हें तत्कालीन शिष्टाचारास सोडून होतें. तेव्हां स्टुअर्ट यांनीं प्रश्न छापून वांटले व उत्तरें लिहून मागविलीं. शेंकडों उत्तरें आलीं. अडचणींतून निघालेली ही युक्ति पुढें विस्तारकार्याचें कायमचें अंग होऊन बसली. कारण नुसतें ऐकणें निराळें आणि ऐकलेलें आपल्या शब्दांत लिहून काढणें निराळें, हें सर्वांच्या प्रत्ययास आलें.

दुसरा धडा स्टुअर्ट यांस कामकरी लोकांनीं दिला. रॉचडेल या गिरण्यांच्या गांवीं तेथील प्रसिद्ध सहकारी मंडळीच्या दिवाणखान्यांत त्यांचीं व्याख्यानें चाललीं होतीं. एकदां व्याख्यानाच्या आकृति भिंतीवरून काढावयाच्या राहिल्या. पुढील खेपेस येऊन पाहतात तों मंडळीचे सभासद आठवडाभर त्या आकृतींपुढें उभे राहून वाद करीत होते, आणि त्यांचे पुष्कळ प्रश्न सांचले होते. त्या दिवसापासून व्याख्यानाच्या जोडीस प्रश्नोत्तरांचा एक वर्ग ठेवण्याची चाल पडली. अखेर १८७३ सालीं केंब्रिज विद्यापीठानें हें कार्य अधिकृत रीतीनें अंगीकारिलें, आणि डर्बी, नॉटिंगहॅम व लेस्टर या तीन गांवीं पहिले वर्ग उघडले. नॉटिंगहॅम येथें तर त्यांतूनच १८८१ सालीं एक कॉलेज उभें राहिलें व कालांतरानें त्याचें विद्यापीठ झालें.

या वर्गांची गोडी लोकांस किती होती, याचें एक उदाहरण त्या काळच्या वृत्तांतांत नमूद आहे. ईशान्य इंग्लंडांतील कोळशाच्या खाणींत राबणारे दोघे भाऊ दूरच्या गांवीं भरणाऱ्या वर्गास जात असत. जातांना आगगाडी मिळे, परंतु परततांना सोयीची गाडी नसे. म्हणून काळोख्या रात्रीं, वाईट रस्त्यानें, पाऊसपाण्यांत ते पायीं घरीं येत. एकदां पुरांत वाट चुकून त्यांस कमरेइतक्या पाण्यांतून यावें लागलें. इतकेंही करून ते थांबले नाहींत. आपण शिकलेलें त्यांनीं आपल्या खेड्यांतील सोबत्यांस शिकविलें. आमच्या ज्या विद्यार्थ्यांस पावसाची चार शिंतोडीं पडतांच शाळा आठवेनाशी होते, त्यांनीं या दोघां भावांस क्षणभर डोळ्यांपुढें आणावें.

आपल्या देशांत या कल्पनेस मूर्त रूप देणारे पहिले थोर गृहस्थ म्हणजे कलकत्त्याचे डॉक्टर महेंद्रलाल सरकार. १८७६ सालीं त्यांनीं लोकवर्गणी जमवून 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था काढिली. तेथें कोणीही यावें व विज्ञानाचीं व्याख्यानें ऐकावीं, अशी योजना होती. या कामीं त्यांस सेंट झेवियर कॉलेजांतील फादर लाफों या बेल्जियन मिशनरी अध्यापकांचें मोठें साहाय्य झालें. फादर लाफों हे प्रयोग करून दाखविण्यांत निष्णात होते. जगदीशचंद्र बसु हे त्यांचेच शिष्य. पुढें १९०७ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन नांवाचा एक तरुण सरकारी हिशेबखात्यांत नोकरीस लागून कलकत्त्यास आला. त्यास या संस्थेचा सुगावा लागला, आणि कचेरीच्या कामाआधीं व नंतर तो तेथें प्रयोग करूं लागला. याच संस्थेंत २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं त्यानें प्रकाशासंबंधींचा तो शोध लावला, ज्याबद्दल १९३० सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. आपण १९८७ सालापासून 'राष्ट्रीय विज्ञान दिन' पाळतों तो याच शोधाच्या स्मरणार्थ. लोकांसाठीं उघडें ठेविलेलें एक दार किती दूरवर नेऊं शकतें, हें यावरून समजावें.

परंतु कलकत्त्याचें कार्य झालें तरी शहरचें, व इंग्रजी जाणणाऱ्यांपुरतें. खेड्यांतील मराठी अगर हिंदी शाळेंत बसणाऱ्या मुलाचें काय? त्याच्या शाळेंत प्रयोगशाळा नाहीं, काचसामान नाहीं. विज्ञान म्हणजे त्याच्या लेखीं पाठ करावयाचा एक धडा. या प्रश्नास आपल्या देशांत जीं उत्तरें देण्यांत आलीं, त्यांत मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्याचें उत्तर आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें, म्हणून तें विस्तारानें सांगतों.

होशंगाबाद हें नर्मदेच्या तीरावरील गांव. आतां त्याचें नांव नर्मदापुरम् असें आहे. तेथून जवळच रसूलिया येथें 'फ्रेंड्स रूरल सेंटर' नामक केंद्र होतें. तें क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती मंडळींचें. या पंथाचे लोक एकोणिसाव्या शतकापासून त्या भागांत सेवा करीत आले होते. त्याच जिल्ह्यांत 'किशोर भारती' नांवाची दुसरी संस्था डॉक्टर अनिल सद्गोपाल यांनीं स्थापिली. सद्गोपाल हे अमेरिकेंत शिकून आलेले शास्त्रज्ञ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील आपलें काम सोडून ते खेड्यांत राहावयास गेले. या दोन संस्थांनीं राज्यशासनाची परवानगी मिळवून १९७२ सालीं जिल्ह्यांतील १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, विज्ञान प्रयोगांतून शिकविण्याचा उपक्रम आरंभिला. टाटा संस्थेंतील शास्त्रज्ञ साह्यास आले. पाठोपाठ दिल्ली विद्यापीठांतील अध्यापक आले. उन्हाळ्याच्या सुटींत खेड्यांतील शिक्षकांचे वर्ग भरत. मोठमोठ्या पदव्या धारण करणारे प्राध्यापक आणि पायीं शाळेस जाणारे प्राथमिक पेशाचे गुरुजी एकाच जाजमावर बसून प्रयोग करीत.

या वर्गांत चाललेला अभ्यास कसा होता, याचा एक मासला देतों. चार चार मुलांची एक टोळी करून त्यांस शेतांत पाठवावयाचें. वाटेंत दिसतील तीं लहान रोपें मुळांसह उपटून आणावयाचीं, आणि प्रत्येकाचें मूळ व पान पाहून लिहून ठेवावयाचें. ज्वारी, गहूं, गवत यांचीं मुळें पाहावीं तर एका ठिकाणाहून निघालेल्या दाढीसारखीं. त्यांस तंतुमूळ म्हणतात. हरभरा, तूर, अंबाडी यांचें मूळ मधोमध एक जाड व त्यास बारीक फांटे, तें सोटमूळ. आतां पानें पाहावीं. ज्वारीच्या पानावरील शिरा एकमेकींस समांतर धांवतात. तुरीच्या पानावर शिरांचें जाळें असतें. मुलें तक्ता भरीत जातात, आणि दहा-पंधरा रोपें झालीं कीं त्यांतील कोणाच्या तरी ध्यानांत येतें: 'गुरुजी, जाळें असलें कीं खालीं सोटमूळ, आणि समांतर शिरा असल्या कीं तंतुमूळ!' पुस्तकांत हें वाक्य आधीं छापून दिलेलें नसतें. तें त्या मुलाचें स्वतःचें असतें, आणि म्हणून जन्मभर विसरत नाहीं. आतां आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल, 'आमच्या परसांतील अळूचें काय?' अवश्य पाहा. अळूच्या पानावर शिरांचें जाळें दिसतें, परंतु खालीं सोटमूळ नाहीं. त्याच्या कंदास तंतुमुळेंच फुटतात. म्हणजे नियम खरा, तरी त्यास अपवाद आहे. असा अपवाद मुलानें आणून दाखविला तर त्यास गप्प बसविणारा शिक्षक विज्ञान शिकवीत नसून केवळ पुस्तक शिकवीत असतो.

दुसरा मासला नाणेफेकीचा. एका मुलानें दहा वेळां नाणें उडविलें तर सात वेळां छाप पडणें अशक्य नाहीं. त्यावरून 'हें नाणें छापेचेंच आहे' असें तो म्हणेल. परंतु सर्व वर्गानें मिळून हजार वेळां उडविलें व बेरीज केली, म्हणजे छाप आणि कांटा जवळ जवळ निम्मे निम्मे भरतात. एकट्याच्या चार अनुभवांवरून सिद्धान्त बांधूं नये, हा धडा या खेळांतून मुलांस मिळतो. अमक्याचा ताप तमक्या गंड्यानें उतरला, अमक्यास मांजर आडवें गेलें व अपघात झाला, असल्या गोष्टींची परीक्षा कशी करावी, हेंही त्यास यांतूनच कळूं लागतें.

सामानाची उणीव कशी भागविली, हीही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. शाळांस प्रयोगाची एक पेटी देण्यांत येई. परंतु जें गांवांतच मिळतें तें शहराहून मागवूं नये असा दंडक होता. फुलाचे भाग सुटे करावयास पोलादी सुया कशाला? बाभळीचे कांटे आहेत. परीक्षेची रीतही निराळी होती: मुलांनीं आपलें पुस्तक व वही खुशाल उघडून बसावें, कारण प्रश्न पाठांतराचा नसून विचाराचा असे, शिवाय हातानें प्रयोग करून दाखविण्याची परीक्षा वेगळी. मुलांच्या शंकांसाठीं 'सवालीराम' नांवाचें एक काल्पनिक पात्र निर्माण केलें होतें. कोणत्याही मुलानें सवालीरामास पत्र लिहावें, आणि उत्तर यावयाचेंच. तें उत्तर तयार करण्यासाठीं कधीं शिक्षक, कधीं विद्यापीठांतील प्राध्यापक बसत. रॉचडेलच्या कामकऱ्यांनीं भिंतीवरील आकृतींपुढें उभे राहून जें केलें, तेंच नर्मदाकांठच्या मुलांनीं पोस्टाच्या कार्डावर केलें.

१९७८ सालीं हा कार्यक्रम जिल्ह्यांतील दोनशेंहून अधिक शाळांत पसरला. १९८२ सालीं तो पुढें चालविण्याकरितां 'एकलव्य' ही संस्था निघाली, आणि राज्यांतील इतर जिल्ह्यांतही तो पोंचला. याच सुमारास पुण्याशीं त्याचा धागा जुळला. कानपूरच्या आय. आय. टी. मधून बाहेर पडलेले व पुण्याच्या टेल्को कारखान्यांत असलेले अरविंद गुप्ता नांवाचे एंजिनियर १९७८ सालीं रजा घेऊन होशंगाबादेस गेले. तेथील बाजारांत मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांस एक युक्ति सुचली. सायकलच्या चाकांत हवा कोंडून धरण्यासाठीं जी बारीक रबरी नळी बसवितात, तिचे लहान तुकडे करावे, आगकाड्यांची गुलें खरवडून टाकावीं, आणि तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसावी, कीं झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबून पाहावा. तो हालत नाहीं. चार काड्यांचा चौकोन दाबावा. तो लगेच तिरपा होतो. आगगाडीच्या लोखंडी पुलावर आणि घराच्या कैचीवर त्रिकोणच त्रिकोण कां दिसतात, याचें उत्तर ही काड्यांची पेटी देते. ज्याच्या घरीं दुसरें कांहीं नाहीं त्या मुलासही हा प्रयोग करतां येतो, हें त्याचें खरें मोल.

हेच गुप्ता पुढें २००३ पासून अनेक वर्षें पुणें विद्यापीठाच्या आवारांतील 'आयुका' या खगोलविज्ञानाच्या संस्थेंत मुलांसाठीं काम करीत होते, व २०१८ सालीं शासनानें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें. आयुका ही संस्था विद्यापीठ अनुदान मंडळानें १९८८ सालीं स्थापिली. तिचे पहिले संचालक डॉक्टर जयंत नारळीकर. आकाशगंगांचा विचार करणाऱ्या या संस्थेनें शाळेंतील मुलांसाठीं शनिवारचीं व्याख्यानें सुरू केलीं, विज्ञानदिनीं आपलीं दारें सर्वांस खुलीं केलीं, आणि पु. ल. देशपांडे यांच्या नांवच्या प्रतिष्ठानाच्या देणगींतून 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभारिली. स्वतः नारळीकरांची एक रीत प्रसिद्ध आहे. मुलें सही मागावयास आलीं कीं ते सांगत, 'मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तराखालीं सही मिळेल.' २०२५ सालीं ते निवर्तले. परंतु तीं पोस्टकार्डें पुष्कळ घरांत अजून जपून ठेविलेलीं असतील. मुंबईच्या टाटा संस्थेनेंही १९७४ सालीं होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र काढिलें, आणि जळगांव जिल्ह्यांतील खिरोद्याच्या परिसरांतील ग्रामीण शाळांत आरंभींचें काम केलें. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषाच पुष्कळदां मुलाच्या वाटेंतील धोंड असते, हें त्या केंद्रानें आपल्या अभ्यासानें दाखवून दिलें.

आतां या कथेची दुःखद बाजू. होशंगाबादचा कार्यक्रम तीस वर्षें चालला, आणि २००२ सालीं शासनानें तो बंद केला. त्या शाळांत राज्यांतील इतर शाळांप्रमाणेंच पाठ्यपुस्तकें आलीं. देशांतील अनेक शास्त्रज्ञांनीं व शिक्षकांनीं विरोध केला. उपयोग झाला नाहीं. तथापि दोष केवळ शासनाकडे देऊन मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मुलगा शेतांत हिंडतो, नाणीं उडवितो, वहींत स्वतःचीं वाक्यें लिहितो. मग पुढील मोठ्या परीक्षेंत याचे गुण किती येणार, ही शंका पालकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. ती क्षुद्र नव्हे. ज्या बापानें शेत गहाण ठेवून मुलास शाळेंत घातलें त्यास गुणांची काळजी असणारच. आमचें त्यांस इतकेंच सांगणें आहे कीं, पाठ केलेलें उत्तर त्या एका प्रश्नापुरतें कामास येतें. शोधून काढण्याची संवय प्रत्येक नव्या प्रश्नास कामास येते. शिवाय एकाचा त्याग केल्याखेरीज दुसरें साधत नाहीं असेंही नाहीं. मुलानें धडा पाठ करावा; परंतु 'हें कशावरून?' असें त्यानें विचारल्यास त्यास दटावूं नये, एवढें तर प्रत्येक घरीं होऊं शकतें.

कित्येकांस असें वाटतें कीं, प्रश्न विचारण्याच्या संवयीनें मुलाचा विनय जातो, एवढेंच नव्हे तर श्रद्धाही जाते. आम्हांस तसें वाटत नाहीं. थोमानें खुणा पाहिल्यावांचून मानणार नाहीं असा हट्ट धरिला, तेव्हां प्रभूनें त्यास दूर लोटिलें नाहीं; जवळ बोलाविलें. ज्यानें ही सृष्टि निर्माण केली, त्याच्या हातचें काम बारकाईनें न्याहाळण्यांत त्याचा अनादर कसा होईल?

विद्यार्थिमित्रांनो, विद्यापीठ तुमच्या गांवीं येईल तेव्हां येईल. परंतु त्याची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. येत्या पावसाळ्यांत बांधावरचीं दहा रोपें उपटून त्यांचीं मुळें व पानें ताडून पाहा. महिनाभर चंद्र रोज कोणत्या वेळीं उगवतो तें लिहून ठेवा. आगकाड्यांचा एक पूल करून त्यावर किती वजन राहतें तें मोजा. जें उमजणार नाहीं तें कागदावर लिहून आपल्या शिक्षकांच्या मेजावर ठेवा. शिक्षकांस उत्तर ठाऊक नसेल तर ते तसें सांगतील, व तुमच्याबरोबर शोधूं लागतील. त्यांत आम्हांस कमीपणा वाटणार नाहीं. आणि तुमच्यापैकीं जे पुढें खरोखरच विद्यापीठांत जातील, त्यांनीं सुटीस गांवीं येतांना केवळ पदवीचा कागद घेऊन येऊं नये. आपल्या जुन्या शाळेंत एक दुपार यावें, मुलांबरोबर जाजमावर बसावें, आणि त्यांचे प्रश्न ऐकावे.